मधली मोटर

आमच्या घरात एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. दादा थोरला, मी मधली आणि धाकटी ती धाकटी. धाकटी लग्न करून पनवेलला गेली आणि तिथे टिकली, म्हणून तिचं कौतुक. मीही गेले होते, टिटवाळ्याला. तिथे नवऱ्याने दुसरीकडे संसार मांडला आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या आमच्या घरी परत आले. तेव्हापासून 'मधली' या शब्दाला दादाने नवा अर्थ दिला. ना सासरची ना माहेरची, मधेच लटकलेली. हा अर्थ तो दर जेवणाला ताटात वाढायचा. आई हसायची नाही, पण त्याला थांबवायचीही नाही. माझ्या वाटीत वरण थोडं जास्त घालायची आणि विषय संपला असं समजायची. मला त्या वरणाचाच जास्त राग यायचा.

दादाला रिमोटच्या गाड्यांचं वेड होतं. खेळणं म्हटलेलं त्याला खपायचं नाही, 'बग्गी' म्हणायचं. हातभर लांब, बॅटरीवर पळणारी, चाकं उघडी, पाठीवर पंखासारखी पट्टी. बदलापूरला नव्या बिल्डिंगांच्या मागे एका रिकाम्या प्लॉटवर या लोकांनी ट्रॅक केला होता. मुरमाची माती, वळणांच्या कडेला जुने प्लास्टिकचे पाइप, मधे दोनचार उंचवटे. दर रविवारी तिथे पोट सुटलेले बाप्ये गळ्यात रिमोट अडकवून टेबलावर चढून उभे राहायचे आणि आपण फार मोठं काहीतरी करतोय अशा चेहऱ्याने गाड्या पळवायचे.

मला तिथे नेण्याचं कारण साधं होतं. गाडी उलटली की तिला सरळ करायला वळणावर कोणीतरी उभं लागतं. खरं तर जो चालवत नसेल त्याने उन्हात उभं राहायचं, असा त्यांचाच नियम. पण उन्हात उभं राहायला कोणालाच आवडत नाही आणि मी होतेच. "घरी बसून काय करणारेस, चल, गाड्या उचल," दादा म्हणाला. मी गेले. खोटं कशाला बोलू, मला गाड्या आवडल्या. मातीवर मागची चाकं घसरतात आणि पुढची गाडीला वळवून सरळ करतात, ते बघताना माझं बाकीचं सगळं डोक्यातून जायचं. तेवढ्यासाठी मी ऊन सोसायला तयार होते.

मग दादाने आणखी एक गाडी आणली, कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून. मी बरोबर होते. दुकानदार भला माणूस, त्याने स्पष्ट सांगितलं, "साईं, ये गालीचे वाली गाड़ी है. मोटर बीच में है. मिट्टी में मत डालना, घूम जाएगी." तो ती दुकानाच्या माळ्यावर गालिचा अंथरून चालवायचा. दादाला वाटलं, शेठ भाव वाढवायला नखरे करतोय. शिवाय गाडी चकाचक होती आणि दादाला चकाचक दिसलं की पुढचं ऐकू येत नाही. त्याचं लग्नही असंच ठरलं होतं आणि असंच मोडलं होतं, पण त्याला कोणी मधला म्हटलं नाही.

बदलापूरच्या सगळ्यांच्या गाड्यांची मोटर मागच्या चाकांच्या मागे असायची. ते वजन मागची चाकं मातीत दाबून धरतं, म्हणून भुसभुशीत मातीतही चाकं जोर लावू शकतात. आमच्या नव्या गाडीची मोटर मागच्या चाकांच्या पुढे, पोटात. गालिच्यावर तिला पकड आयती मिळते, मातीवर मागची बाजू हलकी पडते. दादाने पहिल्याच रविवारी रिमोटवरचा थ्रॉटल दाबला आणि गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली. परत सरळ केली, परत फिरली.

टेबलावरून एकजण म्हणाला, "भाई, मागून लूज आहे ती."

हा त्यांच्यातला कामाचा शब्द आहे. वळणावर मागची चाकं पकड सोडतात, त्याला लूज म्हणतात. दादाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण, मधली?"

सगळे हसले. मी वळणावर टोपी घालून उभी होते, हातात त्यांचीच उलटलेली गाडी. दादा सगळ्यांत जास्त वेळ हसला. त्या दिवसापासून गाडीचं नाव मधली पडलं. मग दर रविवारी तेच. मधली परत फिरली. मधलीला कोण सांभाळणार. मधली कोणाच्याच हातात टिकत नाही. बोलणारे सगळे मला ताई म्हणणारे, माझ्या डब्यातली भाजी खाणारे. मी काही बोलले की, "अगं ताई, गाडीबद्दल बोलतोय आम्ही." आणि परत हसणं.

दादाला तो कामाचा अर्थ कधी कळलाच नाही, हे मात्र मला लवकर कळलं. त्याच्या लेखी लूज म्हणजे ढिलं आणि ढिलं म्हणजे पाना घ्यायचा. तो घरी येऊन गाडीचा प्रत्येक नट आवळायचा. मागच्या स्प्रिंगा आवळल्या, क्लचचा नट आवळला, जे हलत होतं ते हलायचं बंद केलं. पुढच्या रविवारी गाडी जास्त फिरायची. मग तो आणखी आवळायचा. आमच्याकडे संसारही असेच दुरुस्त करतात.

शेवटी कंटाळून त्याने एका रविवारी सगळ्यांसमोर गाडी माझ्या पायाशी टाकली. "घे. तुझ्यासारखीच आहे. मातीवर सरळ चालवून दाखवलीस तर गाडी तुझी."

"आणि मला मधली म्हणायचं बंद," मी म्हणाले.

"हो, ते पण बंद. सगळे ऐकतायत ना? बंद." लोकांना मजा वाटली. मी ती मजा म्हणून घेतली नाही. टिटवाळ्याहून आल्यापासून त्या घरात माझ्या मालकीचं काही नव्हतं. झोपायची जागासुद्धा पाहुणे आले की बदलायची. मला ती गाडी हवी होती, आणि त्याच्या तोंडातून तो शब्द कायमचा जायला हवा होता.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तपासणीला आहे. मशीनवरून उतरलेला माल मापायचा, चुकलेला बाजूला काढायचा आणि तो बघून मशीनचं काय बिघडलंय ते सांगायचं. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते. एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. दादाने कधीही एका वेळी एक गोष्ट केली नाही. त्याला सगळं एकदम हवं असायचं आणि चुकलं की एकच माणूस जबाबदार हवा असायचा.

कंपनीच्या मागे मुरूम टाकलेला एक मोकळा प्लॉट आहे. सुटल्यावर मी तिथे जायचे. आधी दादाने आवळलेलं सगळं सोडवलं आणि गाडी होती तशी केली. मग टायर. गालिच्याचे टायर बारीक दाण्यांचे होते, ते मातीवर नुसते तरंगायचे. उंच काट्यांचे, मऊ रबराचे लावले. थोडा फरक पडला. मग बॅटरी. ती पुढे सरकवून बसवलेली होती, ती मागे, मोटरला चिकटवून बसवली आणि पुढच्या रिकाम्या जागेत फोमचा तुकडा कोंबला. बराच फरक पडला. पंक्चरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायला शिशाची चिकट वजनं असतात, त्यातली दोन मागच्या बाजूला खालून लावली. मागच्या स्प्रिंगा मऊ घातल्या आणि शॉकमधलं तेल पातळ केलं, म्हणजे खड्ड्यात चाक खाली उतरून जमीन धरेल. गाडीचं पोट थोडं उचललं. आणि सगळ्यांत शेवटी क्लच. क्लचचा नट थोडा ढिला सोडला, म्हणजे थ्रॉटल एकदम दाबला तरी सगळा जोर चाकांवर एकदम येत नाही, क्लच जरासा घसरतो, सुईं आवाज येतो आणि गाडी फिरायच्या ऐवजी निघते.

म्हणजे मागून लूज असलेली गाडी सरळ चालवायची तर तिला काही जागी लूजच सोडावं लागतं. हे मला त्या प्लॉटवर उकिडवं बसून मातीतले चाकांचे माग बघताना कळलं. आधी ते माग वाकडे, मधेच तुटलेले असायचे. एका संध्याकाळी ते प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले. मी इतकी खूश झाले की वॉचमनला बोलावून दाखवले. तो म्हणाला, "बरं." मला तेवढंही पुरलं.

पुढच्या रविवारी मी सरावाच्या वेळी मधली ट्रॅकवर सोडली. टेबलावर चढताना एकाने हात दिला, तो मी घेतला नाही. गाडी पळाली. फार जोरात नाही, पण वळणांवर शहाण्यासारखी. ट्रॅक पूर्ण केला, परत केला, आणि एकदाही उलटली नाही. हसणं हळूहळू थांबलं. जो पहिल्या दिवशी लूज म्हणाला होता तोच म्हणाला, "मस्त सेट केलीय राव."

मी दादाकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. "सरावात काय, कोणीपण चालवेल," तो म्हणाला. "शर्यतीत दाखव. मग बघू."

अटी बदलणं हा आमच्या घरातला जुना खेळ आहे. बारावीला चांगले मार्क पडले तर पुढे शिकवू, मग पदवी झाली की नोकरी करू देऊ, मग नोकरी लागली तर लग्नानंतर बघू. मी तेव्हाही भांडले नव्हते. या वेळी मी फक्त म्हणाले, "ठीक आहे, शर्यतीत." आणि ज्याच्याकडे नावं लिहायचं काम होतं त्याला माझं नाव घालायला लावलं.

शर्यत थंडीत होती, माती सुकून पिठासारखी झालेली. सकाळी पाणी मारलेलं दुपारपर्यंत उडून गेलं आणि ट्रॅकवर नुसती धूळ. अशा मातीत मागच्या मोटरवाल्यांच्याही गाड्या घसरत होत्या. मी पहिल्या फेरीत हळू गेले आणि फायनलला पोचले. दादा त्याची जुनी गाडी चालवत होता, तिच्या गिअरचा त्याच फेरीत भुगा झाला. तो बाहेर पडला. तो माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल. इतकी वर्षं झाली तरी मला अजून असं वाटतं, हा माझा मूर्खपणा.

"रिमोट दे," तो म्हणाला.

"फायनलला मी आहे, दादा."

"नाव आपल्या घरचंच आहे ना? कोणी चालवली तरी काय फरक पडतो. एवढे लोक आलेत, तिथे तू चढून माझी इज्जत घालवणार का?"

मी बाकीच्यांकडे बघितलं. नियम त्यांचे होते. ज्याने नाव लिहून घेतलं होतं तो बॅटरीची वायर तपासू लागला. दुसरा म्हणाला, "ताई, दादाच ना तुझा, देऊन टाक." दादाने माझ्या गळ्यातून रिमोट काढून घेतला, लहान पोराच्या हातातून वस्तू काढतात तसा. मग गाडी उचलली, मागची बाजू दाबून बघितली. मऊ स्प्रिंगा खाली गेल्या आणि वर आल्या. चाक हाताने फिरवलं, क्लच घसरला.

"ही अजून लूजच आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "इतके दिवस माझी बहीण हिच्यावर बसली होती, तरी मधली लूज ती लूजच." परत तेच हसणं. मग गाडी उलटी करून त्याने शिशाची वजनं बघितली. "हे काय, गाडीला दगड बांधलेस?" नखाने उपटून त्याने ती मातीत टाकली. "आता पाना घे आणि टाइट कर. मागचं सगळं."

मी नीट आवाजात सांगितलं, "दादा, टाइट केली तर फिरेल. क्लच मुद्दाम सोडलाय."

"तुला विचारलं? सांगितलं तेवढं कर. आणि मग जा, वळणावर उभी राहा."

मग मी सांगितलं तेवढं केलं. क्लचचा नट पाना थांबेपर्यंत आवळला. मागच्या स्प्रिंगा आवळल्या. एकही नट कमी नाही, एकही जास्त नाही. तो उभा राहून बघत होता आणि मान हलवत होता. माझ्या हातून होत होतं ते त्याच्या मनासारखं होतं आणि मला त्यात फार आनंद होत होता. माझ्या हाताने तयार केलेली वस्तू मी मोडत होते याचं दुःख होतं, ते वेगळं, पण आनंद जास्त होता. काम झाल्यावर मी गाडी त्याच्या हातात दिली. "आता अजिबात लूज नाही," मी म्हणाले. तो खूश झाला.

मी माझ्या वळणावर जाऊन उभी राहिले.

शर्यत सुटली आणि दादाने नेहमीसारखा थ्रॉटल पूर्ण दाबला. मधली सुटता सुटताच आडवी झाली. त्याने सावरली, परत दाबला, परत आडवी. सरळ रस्त्यावर ती मासळीसारखी शेपूट मारत होती. मागच्या गाड्या पुढे निघून गेल्या. टेबलावरचं कोणीतरी खिदळलं. दादाचा चेहरा मला लांबून दिसत नव्हता, पण त्याची मान ताठ झालेली दिसत होती, आणि मान ताठ झाली की तो आणखी जोरात दाबतो हे मला माहीत होतं. उंचवट्यावरून गाडी उडाली, एका बाजूवर पडली, पाइपाला आपटली आणि माझ्या पायाशी येऊन उलटी पडली. चाकं हवेत फिरत होती. मागच्या चाकाला धरणारा एक हात मोडून लोंबत होता.

"उचल," दादा ओरडला.

मी उभी राहिले.

"ए मधले, उचल ना. बहिरी झालीस का?"

बाकीच्या गाड्या एक चक्कर मारून परत आल्या आणि धूळ उडवत गेल्या. टेबलावर आता कोणी हसत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. इतके दिवस त्यांच्या गाड्या मी उचलल्या होत्या, एकदाही उशीर केला नव्हता. दादाने परत हाक मारली, तोच शब्द, मग आणखी एक, जो आईसमोर तो वापरत नाही. मी गाडी उचलली. सरळ करून ट्रॅकवर ठेवली नाही. बॅटरीची वायर उपटली, चाकं थांबली, आणि गाडी काखेत घेऊन मी ट्रॅकच्या मधून चालायला लागले. एकाला माझ्यामुळे गाडी थांबवावी लागली. तो म्हणाला, "ताई, काय करतेस?"

"माझी गाडी घेऊन जातेय," मी म्हणाले. "सरळ चालवून दाखवली होती."

दादा टेबलावरून उतरला नाही. उतरून बहिणीच्या मागे धावायचं, तेही एवढ्या लोकांसमोर, ते त्याला जमणारं नव्हतं. मला तेही माहीत होतं.

त्या दिवशी मी बदलापूरलाच राहिले. कंपनीतली एक बाई तिथे एकटी राहते, तिच्याकडे. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज आला, गाडी घेऊन ये आणि माफी माग, नाहीतर येऊ नकोस. धाकटीने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. दोन दिवसांनी माझे कपडे एका पिशवीत भरून आईने उल्हासनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे ठेवले. मला वर बोलावलं नाही, कारण दादा घरी होता. पिशवीत लोणच्याची बरणी होती. मी ती वॉचमनला देऊन टाकली.

आता मी बदलापूरलाच एका खोलीत भाड्याने राहते. गाडीचा मोडलेला हात मी बदलला, क्लच परत सोडला, शिशाची नवी वजनं लावली. बिल्डिंगच्या मागे माती आहे, तिथे ती चालवते. ट्रॅकवर मात्र गेले नाही. तिथे दादा अजून जातो, आणि मला कळलं की त्यांनी माझ्या वळणावर आता पाळीपाळीने उभं राहायचं ठरवलंय. मी मागे कधी मागितलं असतं तर हे झालं नसतं.

आईचा फोन येतो, दादा ड्युटीवर असला की. विहारातल्या बायका विचारतात, ती त्यांना सांगते की मला कंपनीजवळ खोली मिळाली. मागच्या महिन्यात ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग तिने नाक ओढलं. मला वाटलं रडते आहे. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "दादा म्हणतो, गाडी दे आणि घरी ये. विषय संपला म्हणतो."

मी म्हणाले, "गाडी देणार नाही."

"सासरहून आलीस तेव्हा एक वाटीसुद्धा आणली नाहीस," आई म्हणाली. "मंगळसूत्र तिथे ठेवून आलीस, भांडी ठेवून आलीस. तेव्हा काही हवं वाटलं नाही. आणि आपल्या घरातून निघताना तुला खेळणं घ्यावंसं वाटलं?"

मी म्हणाले, "हो आई, वाटलं." फोन तिनेच ठेवला.